‘एबलिझम’ला मराठीत काय म्हणावे?

मोरपंखी : अपंगांच्या हक्कांविषयीच्या एका पुस्तिकेचे भाषांतर करताना ‘एबलिझम’ (धडधाकट माणसालाच प्रमाण मानून अपंगांना कमी लेखणे) या शब्दापाशी आठवडाभर अडले आहे. ‘सक्षमतावाद’ म्हटले, तर एखाद्या प्रशिक्षण शिबिराचे नाव वाटते. ‘अपंगद्वेष’ म्हणावे, तर द्वेष मनात नसतानाही, पुष्कळदा दयेपोटीच, माणसाला कमी लेखले जाते ही छटा हरवते. कोणी नेमका शब्द वापरला आहे का?

जुना तपासनीस : मुळात ‘अपंग’ कशाला? अपंगांच्या हक्कांविषयीच्या 2016च्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी नावात ‘दिव्यांगजन’ आहे आणि आपल्या महाराष्ट्रातही 2022पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. शिवाय आरंभीचा ‘अ’ नकारार्थी धरला, तर अपंग म्हणजे पंगू नसलेला!

अनवट : व्युत्पत्ती गमतीची आहे, पण पटत नाही. संस्कृतात ‘अपांग’ म्हणजे अवयवहीन आणि डोळ्याचा बाहेरचा कोपराही. आपला शब्द तिथूनच आला असावा, असे मला वाटते. ‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर 2015मध्ये ‘मन की बात’मधून सुचवला, मात्र संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने 2019मध्ये भारताविषयीच्या निरीक्षणांत तो वादग्रस्त असल्याचे नोंदवले, हेही सांगायला हवे.

कुबडीवाला : दीड वर्षाचा असताना मला पोलिओ झाला. ‘तुमच्याकडे पाहिले की आमचे दुःख काहीच वाटत नाही,’ असे लग्नकार्यात हमखास कोणीतरी प्रेमाने सांगते, आणि या वाक्यात द्वेषाचा लवलेशही नसतो. पुरुषांच्या वर्चस्वाला आपण ‘पुरुषसत्ता’ म्हणतो, म्हणजे ज्याच्या हाती सत्ता त्याचे नाव घेतो. मग इथेच नावात अपंग का हवा? मी मित्रांशी बोलताना ‘धडधाकटशाही’ म्हणतो.

जुना तपासनीस : देशी शब्दाला फारसी शेपूट! पुस्तिकेत असा संकर शोभणार नाही.

कुबडीवाला : मग ‘लोकशाही’ आणि ‘घराणेशाही’ही खोडून टाका.

अनवट : शब्द ठसठशीत आहे, परंतु ज्यांचे अपंगत्व दिसत नाही, त्यांचे काय? 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या कायद्यात एकवीस आहेत. त्यांत मोडणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा रुग्ण पाहणाऱ्याला धडधाकटच वाटतो.

कुबडीवाला : म्हणूनच तर त्याला बसमध्ये राखीव आसनावरून उठवतात. धडधाकट दिसणे हीच येथे कसोटी आहे.

जुना तपासनीस : ‘अव्यंगवाद’ कसा वाटतो? सुटसुटीत आहे आणि शुद्धही.

अनवट : ‘व्यंग’ म्हटले की मला व्यंगचित्र आठवते.

जुना तपासनीस : तो उपरोध या अर्थाचा ‘व्यंग्य’ वेगळा, त्यातला यकार मराठीने गाळला आहे.

अनवट : मला तसे वाटत नाही. व्यंगचित्रकार माणसाचे व्यंगच मोठे करून दाखवतो; नाक लांब, पोट सुटलेले.

मोरपंखी : पुस्तिका सोमवारी छपाईला जाते आहे. तूर्त ‘धडधाकटशाही’ अवतरणचिन्हांत ठेवू का?

जुना तपासनीस : यकाराचा मुद्दा अजून संपलेला नाही.