पोटुशीनं स्वतःसाठी विणलं तर कोणाचं काय उसवलं?

निफाडची_सून

परवा विणकामाच्या एका गटात फोटो टाकला. सातवा महिना चालू आहे, मोज्यांच्या जोडीतला एक पुरा झालाय, दुसरा टाचेशी आलाय. खाली लिहिलं की हे झाले की स्वतःसाठी कार्डिगन सुरू करणार. त्यावर एका काकूंचा प्रतिसाद: ‘आमच्या वेळी दिवस गेले की पहिली सुई बाळाच्या टोपड्याला लागायची. हल्ली आईलाच नटायचं असतं, बाळाला काय, मॉलमधून आणतील.’ त्याला ढीगभर अंगठे. तिथे भांडायची सोय नाही, म्हणून इथे सविस्तर.

नटायचं? मोज्यांनी? निफाडला जानेवारीत पारा पाच-सहावर उतरतो, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवतात हे पेपरात वाचलं असेलच. त्यात माझे पाय संध्याकाळपर्यंत असे सुजतात की दुकानातल्या मोज्यांचं इलॅस्टिक घोट्याच्या वर वळ उठवतं. म्हणून मी नेहमीच्या ६४ ऐवजी ७२ टाके घेतले, सुरुवातीचे टाके जाड सुईवर घातले, काठ दोन सुलट दोन उलट लांब ठेवला. चावत नाहीत. झालं एवढंच नटणं.

कार्डिगन का, तर ते पुढून उघडतं. थंडीत रात्री दोनला बाळाला पाजायचं असताना डोक्यावरून काढायचा स्वेटर काय कामाचा?

आणि बाळाचं म्हणाल तर दोन मावश्या, आत्या आणि सासूबाईंची बहीण अशा सगळ्यांच्या सुया सध्या चालू आहेत. टोपडी इतकी होणार आहेत की बाळाला डोकी कमी पडतील. बाळंतविड्यात बाळंतिणीसाठी काय असतं ते कोणी सांगावं. आणखी गंमत म्हणजे ‘आधीपासून बाळाचं काही आणू नये’ म्हणणाऱ्या आणि ‘अजून टोपडं विणलं नाहीस?’ विचारणाऱ्या बायका एकच आहेत. एकदा बसून ठरवा.

माईंची_पेटी

ती काकू मीच. इथेही असते मी, तेव्हा समोरच बोलू.

आणणं वेगळं आणि विणणं वेगळं. १९८४ साली साताऱ्यात आमच्या वाड्यात मी एकटी, हे एसटीत, रात्रपाळ्या. संध्याकाळी दिवे गेले की कंदिलाजवळ बसून विणायची. पोटातलं हललं की टाका चुकायचा. ते टोपडं म्हणजे निव्वळ कपडा नव्हे बाई, ती ओळख होती आमची दोघांची. तू मोजे विण, कोणी अडवलं नाही, पण आधी कोणाचं? माझा प्रश्न एवढाच होता.

आणि खरं सांगू? त्या टोपड्यासकट सगळी पेटी गेल्या वर्षी सूनबाईंनी ‘जागा खाते’ म्हणून कोणाला तरी देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. त्यामुळे ‘टोपडी ढीगभर होणार आहेत’ असलं कोणी म्हणालं की माझं डोकं सटकतं.

सुलटउलट

माई, पेटीचं वाईट वाटलं, पण त्यात हा धागा काढणाऱ्या निफाडच्या सुनेची काय चूक?

मुद्द्याचं बोलते. ७२ टाके कशाला? सूज काही कायमची नाही, बाळंतपणानंतर ते मोजे पायात गोल फिरतील. मोजा पायापेक्षा दहा टक्के लहानच विणायचा असतो, तरच बसतो. ६४ वरच राहायचं आणि पावलाचा वरचा भाग बोटांपर्यंत दोन सुलट दोन उलट न्यायचा, ती वीण ताणली जाते आणि परतही येते. धाग्यात पाव भाग नायलॉन आहे ना? नसेल तर टाच पहिल्याच हिवाळ्यात विरणार.

कार्डिगन पोटाच्या मापानं करू नका. छातीचं माप धरा, पोटावर बटणं उघडी राहू देत. गळ्याकडून खाली रॅगलान, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या जोडाची बाही, विणलंत तर मध्येच घालून बघता येतं. सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घ्या, नाहीतर उजवी बाही वेगळ्या रंगाची होते. कुठली लोकर घेताय?

निफाडची_सून

मोजे नायलॉन-मिश्रित लोकरीचे. कार्डिगन लुधियानाच्या ॲक्रिलिकचं. मेडियम साइझला हजार-बाराशे मीटर धागा लागतो, तेवढी मेरिनो मेंढीची मऊ, महागडी लोकर घ्यायची तर आधी डोहाळजेवण रद्द करावं लागेल.

घोंगडीवाला

‘लुधियानाचं ॲक्रिलिक’ वाचलं आणि पुढचं वाचवेना. ताई, ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिक. ज्या महाराष्ट्रात दख्खनी मेंढी आहे, तिथे बाळंतीण प्लास्टिक गुंडाळून बसणार! आमच्याकडे वर्षातून दोनदा मेंढ्या भादरतात. त्या लोकरीला आता भावच नाही, कित्येकदा रानात टाकून देतात. घोंगड्या विणणारे सणगर हातमाग सोडून मजुरीला गेले. आणि इथे चर्चा कसली, तर टोपडं आधी की मोजे.

शिवाय बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते. ठिणगी उडाली तर ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. खरी लोकर पेट घ्यायला ५७०-६०० अंश लागतात, ती काळी पडते आणि आच काढली की आपोआप विझते.

सुलटउलट

भाऊ, दख्खनीचं घोंगडं अंगाखाली चांगलं. अंगावर, तेही दूध भरलेल्या छातीवर? मेरिनोचा धागा १८ ते २४ मायक्रॉनचा असतो, दख्खनीचा त्याहून कितीतरी जाड. वर तुम्ही त्याला चिंचोक्याची खळ देता. एकदा घालून झोपा उघड्या अंगावर, मग बोलू.

घोंगडीवाला

मी लहानपणापासून घोंगड्यावरच झोपलोय, आणि उघड्या अंगानंच! पुण्यातल्या मऊ कातडीचं मला माहीत नाही. आणि जावळाची लोकर ऐकलीय का? कोकराची पहिली कातरणी. ती टोचत नाही. पण ऐकणार कोण, बोर्डावर ‘मेरिनो’ दिसलं की पाकीट उघडतं.

सुलटउलट

मी ठाण्याची. आणि पाकीट माझं आहे.

माईंची_पेटी

प्लास्टिक प्लास्टिक काय लावलंय? आमच्या वेळी कॅशमिलॉनच होतं, तेही ॲक्रिलिकच. ते काय मेंढीच्या पाठीवर उगवत होतं? त्यातच तीन पोरं वाढवली. रोज चार वेळा ओकारी काढायची, रोज धुवायचं. खरी लोकर गरम पाण्यात गेली की आटून बाहुलीच्या मापाची होते. ज्यानं बाळाचं एक लंगोट धुतलं नाही त्यानं लोकरीवर प्रवचन देऊ नये.

निफाडची_सून

माई, तुमच्याशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण +१.

पारावरचा

बाकी सगळं ठीक, पण ग्रहणात सुई हातात धरू नये एवढं तरी पाळा. आमच्या आत्यानं ग्रहणात ब्लाउजला हुक लावले आणि आतेभावाचा ओठ फाटका निघाला. विज्ञानाला सगळंच कळतं असं नाही.

डॉ_फिल्टर_कॉफी

गर्भाचा वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळून झालेला असतो. पुष्कळदा तेव्हा आईला दिवस गेल्याची नुकतीच चाहूल लागलेली असते. ओठ दुभंगण्यामागे आनुवंशिकता असते, काही औषधं असतात, आईचं धूम्रपान असतं. ब्लाउजचे हुक नसतात. आत्याबाईंना उगाच आयुष्यभर मनाला लावून घ्यायला लावलंत तुम्ही लोकांनी.

धागाकर्तीला दोन गोष्टी. पाय संध्याकाळी सुजणं नेहमीचं आहे. पण सूज चेहऱ्यावर किंवा हातांवर एकाएकी आली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली दुखलं, तर मोजे खाली ठेवून त्याच दिवशी रक्तदाब मोजायचा. १४०/९० किंवा वर असेल तर घरी थांबायचं नाही. दुसरं, अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होत असतील तर मनगटातली नस दाबली जातेय, गरोदरपणात हे पुष्कळ दिसतं. रात्री पट्टा बांधा, विणताना दर थोड्या वेळानं हात सोडा. बाळंतपणानंतर बहुधा बरं होतं. आणि लोकरीचे मोजे घालून फरशीवर चालू नका. ‘पाय घसरला’ म्हणून येणाऱ्या नवव्या महिन्यातल्या बायका बघून माझे केस पिकलेत. तळव्याला रबरी ठिपके लावा नाहीतर वर चप्पल घाला.

निफाडची_सून

बोटं बधिर होतात, हो. दवाखान्यात विचारलं तेव्हा ‘विणकाम बंद करा’ एवढंच उत्तर मिळालं. पट्ट्याचं कोणी बोललं नाही. आभार.

पारावरचा

म्हणजे परंपरा सगळी खोटी आणि डॉक्टर तेवढे खरे. चालू द्या.

थंडीत_अबर्डीन

जरा वेगळं लिहिते. माझ्या बाळंतपणाला इकडे कोणी येऊ शकलं नाही. आईचा व्हिसा अडकला, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. माझ्यासाठी विणणारं कोणीच नव्हतं. बाळाला मात्र शेजारच्या म्हाताऱ्या बायकांनी न विचारता टोप्या-स्वेटर आणून दिले. मी स्वतःसाठी कार्डिगन विणलं, जाडजूड, मोठ्या खिशांचं. एका खिशात बिस्किटं, दुसऱ्यात फोन. ते वर्ष मी त्या कार्डिगनवर काढलं. माई, ‘आधी कोणाचं’ हा प्रश्न मला कोणी तेव्हा विचारला असता तर मी दार लावून घेतलं असतं.

माईंची_पेटी

तुझी गोष्ट वेगळी पोरी. तुला कोणी नव्हतं. हिला चार जणी आहेत.

थंडीत_अबर्डीन

चार जणी आहेत, पण त्या बाळासाठी विणतायत. तेच तर ती सांगतेय.

घोंगडीवाला

स्कॉटलंडमध्ये राहता, तिथे मेंढीची कदर आहे. आपल्याकडे शेजारच्या माळावर लोकर सडते आणि आपण पॉलिमर विणतो. माझा मुद्दा कोणी खोडला नाही अजून. शेगडीचं काय?

डॉ_फिल्टर_कॉफी

शेगडीचं मी सांगतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी लावूच नका, मग अंगावर लोकर असो की ॲक्रिलिक. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. खिडक्या चिंध्या कोंबून बंद, आत धुरी, शेगडी, बाळंतीण आणि बाळ. मग ‘बाळ सुस्त पडलंय’ म्हणून रात्री फोन. आणि हो, झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर घरात टोपडं नको. बाळं उष्णता डोक्यातून बाहेर टाकतात. नागपुरात मे महिन्यात कुंची बांधलेली बाळं बघितलीत मी, अंगभर घामोळं.

माईंची_पेटी

आता टोपडंही नको! शेगडी नको, धुरी नको, टोपडं नको. मग बाळंतीण म्हणजे काय हॉटेलात उतरलेली पाहुणी? आमची सगळी पोरं शेगडीवर शेकूनच वाढली, एकालाही काही झालं नाही.

डॉ_फिल्टर_कॉफी

ज्यांना झालं ते इथे लिहायला आलेले नाहीत, माई.

माईंची_पेटी

तोंड सांभाळून बोला डॉक्टर. माझ्या थोरल्या जावेचं पहिलं बाळ शेगडीच्याच खोलीत गेलं. कशानं ते कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. इथे फोडणी द्यायला नव्हतं सांगायचं मला हे.

डॉ_फिल्टर_कॉफी

बोलण्याची ढब चुकली असेल, माफ करा. मुद्दा मागे घेत नाही. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या, कापडात गुंडाळून, आणि खिडकी थोडी उघडी.

सुलटउलट

चला, म्हणजे शेगडी गेली तर ॲक्रिलिकवरचा आरोपही अर्धा गेला. घोंगडीवाले, बोला.

घोंगडीवाला

अर्धाच. घाम शोषत नाही तो अर्धा राहिला. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. बाळंतिणीला रात्री दरदरून घाम येतो, हे आमच्या बायकोनं सांगितलेलं. तुमचं प्लास्टिक त्यात चिकचिकतं की नाही, खरं सांगा.

निफाडची_सून

आतून सुती गाऊन घालणार आहे, भाऊ. पण घामाचा मुद्दा बरोबर आहे, नाइलाजानं मान्य. म्हणजे असं करते, कार्डिगन ॲक्रिलिकचंच, कारण धुणार मी आहे आणि मशिनमध्ये टाकणार आहे. तुमच्या जावळाच्या लोकरीची एक लडी मिळाली तर त्याची खांद्यावर टाकायची शाल करीन. सूत कातून मिळतं का की नुसतीच भादरलेली मिळते? भाव सांगा. ‘संस्कृती जपा’ म्हणून दुप्पट सांगू नका.

घोंगडीवाला

कातलेलं मिळेल, चरख्यावरचं, पण एकसारखं नसतं. कुठे जाड, कुठे बारीक. मेरिनोवाल्यांना चालणार नाही.

सुलटउलट

मेरिनोवाल्यांनाही पाठवा. बारीक असेल तिथे दोन पदरी करून घेईन.

माईंची_पेटी

कार्डिगनचं काय ते कर बाई, तुझ्या अंगावरचं. पण बटणपट्टी हल्लीच्या मुलींची नेहमी झालरीसारखी फुगते. कडेनं टाके उचलताना चार ओळींमागे तीनच उचलायचे, सगळे नाही.

निफाडची_सून

तीनच उचलते मी. शाळेत शिकवलंय.

माईंची_पेटी

मग फोटो टाक. बघू.

पारावरचा

ग्रहणाच्या दिवशी मात्र उचलू नका.