मदत हवी आहे: गिटार घेऊन शिखर चढायचंय

आमचा पाच जणांचा हौशी बँड आहे. लहान मुलांच्या उपचारांसाठी निधी जमवायला ३,००० मीटरचं शिखर चढून वर दोन गाणी वाजवायची, असं आम्ही ठरवलंय. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के. आमची गायिका दम वाढवायला रोज पाठीवर ओझं घेऊन जिने चढतेय, तिचं मनापासून कौतुक वाटतं.

मला काळजी आहे ती गिटारची. थंडीत तारा आकसून सूर चढतो, कोरड्या हवेत लाकूड तडकू शकतं. लाकडी गिटार एवढ्या उंचीवर कुणी नेलीय का? कशात गुंडाळली होती? वर पोचल्यावर किती वेळाने सूर जुळवलात? आणि २,५०० मीटरनंतर विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून मुक्काम कुठे, किती करावा, हेही अनुभवी गिर्यारोहकांनी सांगा.