‘एम्बोलायझेशन’ला ‘अंतर्कीलन’ म्हणावे का?

अनुवादक, कोथरूड : पुण्यातल्या एका रुग्णालयासाठी संमतीपत्र मराठीत आणते आहे. अपघातात पोटात धमनी फुटली की तातडीने करतात त्या एम्बोलायझेशनला ‘अंतर्कीलन’ चालेल का?

रेडिओलॉजिस्ट, एरंडवणे : नको. अंतर्कीलन म्हणजे एम्बॉलिझम, वाहत आलेली गुठळी अडकून होणारा आजार. संमतीपत्रात उपचाराच्या जागी आजाराचे नाव आले तर नातेवाईक घाबरतील. ‘धमनी आतून बुजवणे’ लिहा. जांघेतल्या धमनीत सुई घालून तारेवरून नळी सरकवतात. ५ फ्रेंचची, म्हणजे जेमतेम १.७ मिमी जाड. तिच्यातून आणखी बारीक मायक्रोकॅथेटर. एक्स-रेत दिसणारा डाय सोडल्यावर गळती दिसली की तिथेच धमनी बुजवायची.

सर्जन, हडपसर : ‘धमनी बांधणे’ही टाळा. ते आम्ही पोट उघडून दोऱ्याने करतो.

अनुवादक, कोथरूड : ‘बुजवणे’ कायमचे वाटते. तसेच असते का?

रेडिओलॉजिस्ट, एरंडवणे : काय वापरले त्यावर आहे, म्हणून फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळी ओळ हवीच. जिलेटिन स्पंज काही आठवड्यांत विरघळतो आणि धमनी पुन्हा उघडू शकते. कमरेचे हाड मोडून रक्तस्राव होतो तेव्हा तो सोयीचा. कॉइल, म्हणजे धातूच्या तारेचे वेटोळे, कायमची, पण नुसत्या तारेने रक्त थांबत नाही, तिच्यावर गुठळी धरावी लागते. भरपूर रक्त गेलेल्या रुग्णाचे रक्त नीट गोठत नसेल तर कॉइल बसूनही गळत राहते. तिथे ग्लू, म्हणजे रक्त लागताच घट्ट होणारा द्रव, लिपिओडॉल या तेलकट डायमध्ये मिसळून. आधी नळी ५ टक्के डेक्स्ट्रोजने (साखरेच्या द्रावणाने) धुवायची. सलाइन राहिले तर ग्लू नळीतच घट्ट होतो. आणखी एक : शॉकमध्ये, म्हणजे रक्त जाऊन रक्तदाब घसरतो तेव्हा, धमन्या आकसतात. त्या मापाची कॉइल घेतली तर रक्तदाब सुधारल्यावर ती सैल पडून सरकते.

सर्जन, हडपसर : ‘धमनी एका जागी बंद करतील’ असेही लिहू नका. ड्युओडेनममधल्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या) अल्सरने तिथली गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी फुटली, तर गळतीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे कॉइल लागते. फक्त अलीकडे टाकली तर आतड्याच्या धमनीकडून रक्त उलटे येते आणि रक्तस्राव चालूच राहतो.

अनुवादक, कोथरूड : मग असे : ‘जांघेतून बारीक नळी नेऊन, रक्तस्राव होत असलेली धमनी आतून बुजवणे, म्हणजेच एम्बोलायझेशन.’

रेडिओलॉजिस्ट, एरंडवणे : उत्तम. खाली धोका स्पष्ट लिहा : बुजवण्याचे साहित्य भलत्या धमनीत गेले किंवा त्या अवयवाला रक्त कमी पडले, तर तेवढा भाग मरू शकतो. आणि नुसते ‘अँजिओ’ कुठेही नको, लोक हृदयाचे समजतात.