१९ डिसेंबर १९६१ : गोव्याची मुक्ती की शेजाऱ्याने घेतलेला ताबा?

डिचोलीकर :
युद्धानंतर बलाढ्य शेजाऱ्याने वादग्रस्त मुलूख घशात घालावा तसाच भारताने गोवा घेतला, असे सासष्टीकरांनी काल लिहिले. ते वाचून गप्प बसवेना. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणत असला, तरी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६० मध्येच त्याची गणना स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांत केली होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा जखमींना बांद्याकडे उचलून नेणाऱ्यांत माझे आजोबा होते. अंगावरचे उपरणे फाडून त्यांनी जखमा बांधल्या.

सासष्टीकर :
आपल्या आजोबांविषयी आदर आहे आणि सालाझार हुकूमशहा होता हेही मान्य. पण गोमंतकीयांना कोणी विचारले? १९६२ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा भारतात सामील झाला, तेव्हा संसदेत आमचा एकही निवडून दिलेला प्रतिनिधी नव्हता. त्याआधी भारताने केलेल्या आर्थिक नाकेबंदीत मुंबईहून येणारे आजोबांचे पैसे थांबले आणि बाजारात आलेले हॉलंडचे बटाटे उकडून आजीने पोरे जगवली. त्या नाकेबंदीची झळ लिस्बनला नव्हे, आम्हांला लागली.

पेडणेकर :
विचारण्याचेच म्हणाल, तर १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवा. गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. पोटासाठी मुंबईत राहिलेल्या माझ्या वडिलांसारख्यांना मत देता आले नाही. मराठी शाळेत शिकलेली आमची पिढी त्या ३४,०२१ मतांनी महाराष्ट्रापासून तुटली, ही सल अजून जात नाही.

सासष्टीकर :
म्हणजे लोकांना विचारले आणि त्यांनी नाही म्हटले, तरी ते आपल्याला पटत नाही! त्याच मतदारांनी दोन महिन्यांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. त्यांना मगो हवा होता, विलीनीकरण नको होते.

पेडणेकर :
सासष्टीत बसून पेडण्याला शहाणपण शिकवू नका. पेडणे पोर्तुगिजांनी १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून घेतले, तेव्हा आमच्या पूर्वजांना कोणी विचारले होते? शेजाऱ्याचा मुलूख घेण्याचा इतिहास लिहायचाच असेल, तर नव्या काबिजादींपासून, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून जिंकलेल्या पेडण्यासारख्या मुलखापासून लिहा आणि सत्तरीच्या राणे घराण्याची पोर्तुगिजांविरुद्धची बंडेही त्यात येऊ द्या.

डिचोलीकर :
भारतात राहायचे की नाही, हा प्रश्न १९६७ च्या कौलात नव्हता, एवढे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु त्याचा दोष एकट्या दिल्लीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. वाटाघाटींची दारे सालाझारने बंद ठेवली आणि शेवटी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना मरेपर्यंत लढण्याचा हुकूम दिला. शरणागती पत्करून त्यांनी रक्तपात टाळला, तर त्यांनाच सैन्यातून काढून टाकले. खुद्द पोर्तुगालने १९७४ मध्ये करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केल्यावर आपण कोणाची वकिली करता आहात?

सासष्टीकर :
पोर्तुगालची नक्कीच नाही. त्या करारावर दोन्ही देशांचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि मारिओ सोआरिश यांच्या सह्या आहेत. दोन सरकारांनी आपसांत मिटवले, म्हणून मला गोमंतकीयांची संमती मिळाली असे मानता येत नाही.