हानलेला स्वतःचा तंबू नेता येईल का?

चिंचवडकर

नमस्कार मंडळी,

मी, बायको आणि मुलगी असे तिघं लडाखला चाललोय. मुलगी अकरावीत आहे आणि दोन वर्षांपासून तिने हानलेचा (लडाखमधलं काळ्याकुट्ट आकाशाचं गाव) धोशा लावलाय. वेल्ह्याला एकदा आकाशदर्शनाला नेलं, ही माझीच चूक. तेव्हापासून पिंपरी-चिंचवडच्या आकाशाला ती ‘ताक’ म्हणते.

अमावास्या साधायची आहे. पोळ्याची अमावास्या धरली तर चौथ्या दिवशी गणपती. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो आणि आईला ‘यंदा नाही’ म्हणायची माझी छाती नाही. म्हणून सर्वपित्री धरली आहे. (पितृपक्षात कसला प्रवास, असं सासूबाईंचं म्हणणं. तो धागा वेगळा काढावा लागेल.)

लेहपर्यंत विमान, पुढे टॅक्सी. आमच्याकडे दोन तंबू आहेत, हरिश्चंद्रगड आणि पवनेच्या काठी वापरलेले. पॅंगाँग, हानले, त्सो मोरीरी या तिन्ही ठिकाणी स्वतःचा तंबू लावून राहावं असा विचार आहे. तिथले तयार कॅम्प फार महाग वाटतात, आणि फोटोत बघावं तर रांगेत पांढरे तंबू, लग्नाच्या मांडवासारखे. नक्की कुठे लावू देतात? परवानगी कोणाची? बायकोचा प्रश्न एकच आहे, संडासाचं काय. तो मी शेवटी लिहितोय, पण घरात तोच पहिला आहे.

आणखी एक. अमेरिकेतल्या भावाने सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं छोटं यंत्र देऊ केलंय. नेटवर्क नसेल तिथे बरं पडेल ना?

बुलेटवाला_भोर

दादा, एवढा विचार करायचा नाही. आम्ही चौघं गेलो होतो, जिथे संध्याकाळ झाली तिथे तंबू ठोकला. कोणी काही बोललं नाही. मॅगी, चहा, झोप. पॅंगाँगला पाण्यापासून दहा फुटांवर झोपलो, सकाळी तंबूचं तोंड उघडलं की निळंशार पाणी. आयुष्यात एकदा करायलाच पाहिजे. फक्त पेट्रोल कारूला फुल्ल करा. टॅक्सी असेल तर तेही डोकं नाही.

कृत्तिका

चिंचवडकर, बुलेटवाल्यांचं ऐकू नका. (दादा, राग नको. आम्हीही पहिल्यांदा अगदी हेच केलं होतं, म्हणून सांगतेय.)

मी नाशिकची. तीनदा गेले आहे, तिन्ही वेळा दुर्बीण घेऊन. पहिल्या खेपेला त्सो मोरीरीच्या अलीकडे रस्त्यालगत एक हिरवी कुरणाची पट्टी दिसली. आजूबाजूला सगळं तपकिरी, मधेच ही हिरवळ. आम्हाला वाटलं, निसर्गाने आपल्यासाठीच अंथरलीय. संध्याकाळी तंबू लावला. रात्री पाठीखाली गारवा चढायला लागला. चाचपून बघितलं तर जमीन ओली, आणि पहाटे तीच जमीन कडक. आमच्या श्वासाची वाफ तंबूच्या आतल्या कापडावर गोठली होती, कूस बदलली की तोंडावर खोबऱ्याच्या किसासारखी पडायची. सकाळी चेन उघडली तर समोर शे-दीडशे शेळ्या आणि एक चांगपा (तिथले भटके मेंढपाळ) बाई. ती नुसती आमच्या तंबूकडे बघत उभी. तिला हिंदी येत नव्हतं, पण खालच्या दबलेल्या गवताकडे तिने एकदा हात केला आणि मला सगळं कळलं. त्या उंचीवर ओल असेल तिथेच गवत उगवतं, आणि त्या मूठभर गवतावर पश्मिन्याच्या शेळ्या जगतात. तिच्या ताटातच आम्ही पाय ठेवून झोपलो होतो. आम्ही मुकाट्याने गुंडाळायला लागलो तर तिने आम्हाला मिठाचा लोण्याचा चहा पाजला. तो चहा घशाखाली उतरवताना जेवढी लाज वाटली तेवढी परत कधी वाटली नाही.

तर नियम असे. त्सो मोरीरी २००२ पासून रामसर यादीतली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली जागा आहे, तिथे तळ्याकाठी तंबू लावायचा नाही. कोरझोक गावात राहायचं. पॅंगाँगसुद्धा चांगथांग अभयारण्यात येतं. पाण्याला लागून तंबू लावू नका, कोणी हटकलं नाही तरी. त्या काठावर काळ्या मानेचे क्रौंच फिरतात. पॅंगाँगकाठच्या स्पांगमिक गावाला जाऊच नका. जनरेटर, गाणी, दिवे, तुम्ही म्हणता तो मांडव तिथलाच. आणखी पुढे मान आणि मेराक ही गावं आहेत, तिथे शांत असतं. होमस्टेवाल्याला विचारलंत तर तो त्याच्या कुंपणाच्या आत तंबू लावू देतो. आम्हाला दोन्ही गावांत लावू दिला, जेवणाचे पैसे फक्त घेतले.

आता हानले. तुमच्या मुलीसाठी जरा सविस्तर लिहिते.

हानले ४२०० मीटरच्या वर आहे. तंबू तिथेही होमस्टेच्या अंगणात लागेल, पण मी म्हणेन की नेऊच नका. सर्वपित्रीला तिथे पहाटे उणे तापमान असतं. माझ्या थर्मामीटरवर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर उणे सहा आणि तंबूत उणे दोन होतं. म्हणजे अख्ख्या तंबूने फरक केला चार अंशांचा! हरिश्चंद्रगडाचा तंबू पावसासाठी असतो, थंडीसाठी नाही. दुपारनंतर वारा सुटतो, तो निराळाच. रेतीत खुंट्या धरत नाहीत, दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. आणि आकाश बघायला गेलेला माणूस रात्री तंबूत नसतोच हो! आठ वाजल्यापासून पहाटेपर्यंत आपण बाहेर. मधे तासभर पाय गरम करायला आत यायचं, त्याला तंबू नाही, बुखारी (खोलीतली शेगडी) लागते. झोपायचं सकाळी नऊ ते बारा, तेव्हा तंबूत भट्टी झालेली असते. घरात झोपा, रात्र अंगणात काढा.

डिसेंबर २०२२ मध्ये हा सगळा परिसर, हजारांहून जास्त चौरस किलोमीटर, डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार राखून ठेवलेला भाग, म्हणून जाहीर झाला. गावातल्याच लोकांना, त्यात बायका बऱ्याच, दुर्बिणी देऊन शिकवलंय. संध्याकाळी त्या आकाश दाखवतात. आवर्जून जा आणि त्यांचे पैसे देताना घासाघीस करू नका. रात्री पांढरा उजेड चालत नाही. टॅक्सीवाल्याला आधीच सांगून ठेवा की दार उघडलं की लागणारा आतला दिवा बंद करायचा. माझ्या दिराने रात्री अकराला गाडीतून स्वेटर काढायला दार उघडलं आणि अंगणातून चार भाषांमध्ये शिव्या आल्या. कोणाची तरी वीस मिनिटं उघडी ठेवलेली फोटोची फ्रेम गेली होती.

सर्वपित्रीच्या सुमारास आकाशगंगेचा गाभा अंधार पडल्यावर नैर्ऋत्येला थोडाच वेळ असतो, त्यामुळे जेवायला बसू नका. मुलीला पहाटे साडेचारला उठवा, झोपली असेल तर. पूर्वेला क्षितिजावरून तिरका वर गेलेला फिकट उजेडाचा सुळका दिसेल. पहिल्या वेळी मला वाटलं होतं लष्कराच्या गाड्या येतायत. ते झोडियाकल लाइट. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवर सूर्याचा उजेड पडतो, त्याचा. नाशिकहून हे दिसायची आशा मी सोडून दिली आहे.

दिवसा वेधशाळेच्या टेकडीवर जाऊन या. दोन मीटरची चंद्रा दुर्बीण वर आहे, पण ती चालवतात बंगळूरजवळच्या होसकोटेहून. आणि ग्रोथ-इंडिया नावाची लहान दुर्बीण आहे, ०.७ मीटरची, आपोआप चालणारी, ती आयआयटी मुंबईची भागीदारी आहे. पवईतली मुलं हानलेच्या आकाशातल्या डेटावर काम करतात, हे अकरावीतल्या मुलीला कोणी तरी सांगायला हवं. भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटर व्यासाची मेस ही गॅमा किरणांची दुर्बीणही तिथेच आहे, आरशांचा केवढा तरी मोठा सुपडा, लांबूनच डोळे दिपतात.

आता खरी काळजीची गोष्ट, उंची. लेहला किमान तीन रात्री काढा, पहिला दिवस नुसतं पडून राहा. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) तुमच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. आणि बहुतेक टॅक्सीवाले आधी पॅंगाँग, मग हानले असं नेतात, ते उलटं करा. पॅंगाँगला कोणाचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर लेहला खाली यायला आधी चांग ला ही खिंड चढावी लागते, १७ हजार फुटांच्या वर. आजारी माणसाला अजून वर न्यायचं! माझ्या दिराचं झालंय, त्या दीड तासात मी देवाला काय काय कबूल केलं ते अजून फेडतेय. हानलेहून मात्र लोमा, न्योमा, माहे, चुमाथांग असं सिंधूच्या कडेने परतता येतं, मोठी खिंड नाही, रस्ता उतरतच जातो. म्हणून लेह, मग एक रात्र चुमाथांग (गरम पाण्याचे झरे आहेत, आंघोळीची शेवटची संधी समजा), मग दोन-तीन रात्री हानले, आणि तोवर सगळे ठणठणीत असाल तर चुशूलवरून पॅंगाँग.

वहिनींसाठी: लडाखी संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर मातीच्या जमिनीला एक भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. झालं की दोन फावडी माती टाकायची. वास येत नाही, खरंच. पाणी लागतंच असेल तर बाटली घेऊन जा, पण यजमानांना आधी विचारा. खालचं खत वसंतात शेतात जातं आणि त्यात पाणी ओतलेलं त्यांना आवडत नाही. तंबूत राहिलात तर उघड्यावर, वाऱ्यात, उणे सहात, आणि गावाबाहेर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या असतात. हे वाचून वहिनी तंबूला मत देतील असं वाटत नाही.

निवृत्त_सुभेदार

कृत्तिकाताईंनी छान लिहिलंय. मी सातारा जिल्ह्यातला, त्या बाजूला नोकरीचा काही काळ काढलाय. दोन-तीन गोष्टी सांगतो.

चिंचवडकर साहेब, ते भावाचं यंत्र अमेरिकेतच राहू द्या. आपल्याकडे सॅटेलाइट फोन आणि असली मेसेजची यंत्रं सरकारच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, विमानतळावरच अडकाल. सरहद्दीजवळ सापडलात तर चौकशी वेगळी. ड्रोनही घरी ठेवा. तुमचं प्रीपेड सिम तिथे चालणार नाही, पोस्टपेड घेऊन जा.

भारतीयांना आता इनर लाइन परमिट (सरहद्दीजवळच्या भागात जायचा परवाना) लागत नाही, पण पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरून त्याच्या चार-पाच प्रती काढा. चेकपोस्टवर एक-एक ठेवून घेतात. आधार कार्ड वर ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

तंबूबद्दल. तुम्हाला ओसाड माळ दिसतो, पण ती जागा कोणाच्या तरी नजरेत असते. रात्री अनोळखी उजेड दिसला की कोणाला तरी जॅकेट चढवून, हत्यार घेऊन, दोन किलोमीटर चालत बघायला यावं लागतं. तो पोरगा त्याच उणे सहामध्ये असतो. आम्ही एकदा असे गेलो तर दोन पोरं गिटार वाजवत होती. चांगली पोरं होती, चहा दिला त्यांनी, पण आमची रात्र गेली. गावात राहा, नाव नोंदलेलं असतं, तुम्हीही निवांत, तेही निवांत.

चुशूलवरून जाणार असाल तर रेझांग लाच्या स्मारकाशी थांबा. १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊँची चार्ली कंपनी, मेजर शैतानसिंग, चीनशी इथेच लढले. मुलीला तिथे काही समजावून सांगायची गरज नाही, फक्त गाडीतून उतरवा आणि पाच मिनिटं वाऱ्यात उभी करा. नोव्हेंबरचा वारा याच्या कितीतरी पट असतो, एवढं मनात धरायचं.

बुलेटवाला_भोर

काका, ते गिटारवाले आम्ही नव्हतो. आम्हाला कोणालाच वाजवता येत नाही.

ताई, गवताचं खरंच माहीत नव्हतं. आम्हीही हिरवळ बघूनच लावला होता एका ठिकाणी. पुढच्या वेळी लक्षात ठेवतो.

बाकी एक कामाचं सांगतो. स्वतः स्वयंपाक करायचा असेल तर गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, लेहच्या बाजारात घ्या, आणि थंडीत चालणारा मिश्र गॅस आहे का विचारून घ्या. साधा ब्युटेन थंडीत नीट पेटत नाही. आणि हानलेच्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. आम्ही कुकर नेला नव्हता, तासभर उकळूनही तूरडाळीचे दाणे बोटांनी मोजता येत होते. पोहे भिजवून खाल्ले तीन दिवस.

चिंचवडकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री धागा मोठ्याने वाचून दाखवला. फावड्यापर्यंत आल्यावर बायको म्हणाली, “ठरलं, घरातच राहायचं.” तंबू माळ्यावर परत गेले. मुलीने पवईवाला भाग मला परत वाचायला लावला.

मार्ग उलटा केला: लेह तीन रात्री, चुमाथांग एक, हानले तीन, मेराक एक. त्सो मोरीरी या खेपेला सोडलं. भावाला फोन करून यंत्र नको सांगितलं, तर म्हणतो मग दुर्बीण पाठवू का. दुर्बिणीला मी नाही म्हटलं नाही.

कृत्तिकाताई, एकच शंका. लाल उजेडाची बॅटरी विकत घ्यावी लागेल का? इथे मिळते ती फार महाग आहे.

कृत्तिका

नका घेऊ. गेल्या दिवाळीतल्या आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद असेल ना घरात? तो साध्या बॅटरीच्या तोंडावर रबराने बांधा. चार पदर तरी लावा, दोनमधून पांढरं फुटतं. आणि जास्तीचा तुकडा बरोबर ठेवा, टॅक्सीवाल्याच्या मोबाइलसाठी.