डोळे मिटायची सक्ती कशाला?

'रोज दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की मूल शांत होतं' असं सांगितलं जातं, ते सरसकट पटत नाही. ब्रिटनमधल्या मायरियड अभ्यासात (निष्कर्ष २०२२) ८ हजारांवर शाळकरी मुलं होती. माइंडफुलनेसच्या (आत्ता काय घडतंय याकडे सजगपणे लक्ष देण्याच्या) तासांचा नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. शिक्षकांना मात्र थोडा झाला, ही गंमतच.

आमचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. डोळे मीट म्हटलं की घाबरून ओरडायचा. मग कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पहाटे चप्पल काढून चालायला लागलो. गार फरशी, पुढं ओली माती. 'आता पायाला काय लागलं?' एवढंच विचारायचं. तो 'गार' म्हणतो, नाहीतर नुसता माझा हात दाबतो. त्यासाठी मला मोबाईल घरी ठेवायला शिकावं लागलं, ते जास्त अवघड गेलं.