यूआरसीत १८च मॅच कशा काय?

रग्बी नवशिक्या: मंडळी, यूआरसीत (युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप, युरोप आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्लबांची लीग) ५ देशांच्या १६ टीम आहेत ना, मग आयपीएलसारखं सरळ सगळ्यांशी दोनदा का नाही खेळवत?

जुना हूकर: अहो आयपीएलमध्ये तरी आता कुठे दोनदा खेळतात, १० टीम आणि मॅच १४! इथे दोनदा म्हणजे ३० मॅच झाल्या, आठवड्याला एकच झेपते, पोरं उभी राहायची नाहीत. म्हणून आपल्या गटातल्या तिघांशी घरी-बाहेर ६ आणि बाकी १२ जणांशी एकेक. पहिले ८ नॉकआउटला.

कोल्हापुरी प्रॉप: गट चालतील, पण गट जिंकला म्हणून वरचा नंबर देऊ नका राव. सुपर रग्बीत (दक्षिण गोलार्धातली लीग) २०१७ ला ऑस्ट्रेलियाचे ब्रम्बीज गट जिंकून ३४ पॉइंटवर क्वार्टर फायनल घरी कॅनबेराला खेळले आणि ५८ पॉइंटवाले न्यूझीलंडचे हरिकेन्स बॅगा भरून तिकडे (जिंकले तेच, पण अन्याय तो अन्यायच).

जुना हूकर: शिवाय यूआरसीत घड्याळही सोयीचं. केपटाऊन-डब्लिन लांब असलं तरी वेळेत फरक तासा-दोन तासांचा, सुपर रग्बीतल्या तेव्हाच्या टोकियो ते ब्युनोस आयर्ससारखी झोपेची वाट लागत नाही.

रग्बी नवशिक्या: पण मग ज्याला प्रिटोरियाच्या उंचीवर जावं लागतं आणि ज्याला तिथली टीम बुल्स आपल्या घरीच मिळते, ते सारखंच का?

कोल्हापुरी प्रॉप: नाहीच, तिथे वेळापत्रकाचं नशीब.